बालक, भ्रमणध्वनी आणि गावाची जबाबदारी

(मलकापूर, जि. कोल्हापूर येथे अंगणवाडी सेविका, शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मलकापूर वसले आहे. शाहूवाडी तालुक्यातील वाड्या-वस्त्यांची ही बाजारपेठ. भात आणि नाचणी ही येथील जुनी पिके. पावसाळ्यातील चार महिने डोंगर धुक्यात आणि घरे पागोळ्यांआड. शेती थोडी, माणसे अधिक, म्हणून घरटी एखादा तरी माणूस पोटासाठी मुंबई गाठतो. एके काळी त्याची खुशाली मनिऑर्डरीच्या कुपणावरील दोन ओळींतून कळत असे. आज तोच माणूस रात्री पाळीवरून सुटल्यावर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसतो, आणि गावाकडे आजीच्या मांडीवर बसलेले त्याचे लेकरू त्याला हाक मारते. विज्ञानाने घडविलेले हे स्थित्यंतर लहान नव्हे. त्याचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि, तोच मोबाइल दिवसभरात आणखी कितीतरी कामांसाठी त्या लेकराच्या हाती जातो. ते जेवत नाही म्हणून, रडते म्हणून, आई रोप लावणीला गेली आणि आजीचे गुडघे दुखतात म्हणून, बाहेर पाऊस लागून राहिला आहे म्हणून. पूर्वी बालकाला रमविण्याचे काम घरातील चार माणसे वाटून घेत. आता त्यातील बराच भाग एका यंत्राकडे आला आहे. जन्मापासून पाच-सहा वर्षांपर्यंतच्या बालकांवर याचा काय परिणाम होतो आणि त्याबाबत गावाने काय करावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

यंत्र आणि माणूस : एक जुना धडा

नवे यंत्र गावात आले की दोन टोकांची मते निर्माण होतात. एक पक्ष म्हणतो, आता सर्व ज्ञान घरी आले. दुसरा म्हणतो, आता सर्व बिघडले. या दोन्ही मतांना महाराष्ट्राच्याच भूमीवर एक उत्तर फार पूर्वी मिळाले आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने मराठी भाषक पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे सुरू केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. मंडळी एकत्र बसून तो ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि काय करावयाचे ते ठरवीत. या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. ज्या गावांत मंडळे होती तेथे लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. ज्या गावांत नुसताच रेडिओ होता तेथे ती फारच थोडी पडली.

या निष्कर्षाचा अर्थ असा की ज्ञान यंत्रातून येते खरे, पण ते रुजते माणसामाणसांतील बोलण्यातून. प्रौढ शेतकऱ्याच्या बाबतीत जर हे सत्य असेल, तर ज्याला अद्याप भाषाच यावयाची आहे त्या बालकाच्या बाबतीत ते किती अधिक सत्य असेल, याची कल्पना करता येते.

बालक शिकते कसे?

मानवी मेंदूची वाढ पहिल्या पाच वर्षांत झपाट्याने होते. दोन वर्षांच्या बालकाच्या मेंदूचा आकार प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो. या काळात बालक शिकते ते देवघेवीतून. ते हुंकार देते, आई त्याला उत्तर देते. ते बोटाने कावळा दाखविते, आजी म्हणते, ‘काऊ आला’. बालकाने केलेल्या कृतीला त्याच क्षणी, त्याच्याकडे पाहून कोणीतरी प्रतिसाद देणे, ही सर्व भाषाशिक्षणाची पायाभरणी आहे. पडद्यावरील चित्र कितीही रंगीत असले तरी बालकाने काय केले हे त्याला कळत नाही. बालक हसले काय आणि रडले काय, ते आपले पुढे चालूच राहते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांच्या एका गटाशी चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळल्या, त्यांना पुस्तके वाचून दाखविली. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती, तेच शब्द आणि तीच खेळणी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दाखविण्यात आली. पहिल्या गटातील बालके अवघ्या बारा बैठकांनंतर चिनी भाषेतील ध्वनींमधील फरक ओळखू लागली. पडद्यासमोर बसलेल्या बालकांनी त्यांपैकी काहीच आत्मसात केले नाही.

याला पूरक असा दुसरा प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. दोन ते अडीच वर्षांच्या बालकांना नवे शब्द शिकविण्यात आले. आधी चित्रित करून ठेवलेल्या दृश्यातून ते शब्द त्यांना आले नाहीत. परंतु पडद्यावरील व्यक्ती त्यांच्याशी थेट, समोरासमोर बोलत होती तेव्हा ते आले. म्हणजे मुंबईहून बोलणारा बाप जेव्हा आपल्या मुलीला नावाने हाक मारतो, ती काय म्हणते ते ऐकतो आणि त्याला उत्तर देतो, तेव्हा तो पडदा पडदा राहत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनेही दोन वर्षांखालील बालकांना पडदा दाखवू नये असे सांगताना नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या दृक्‌-संभाषणाचा अपवाद केला आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या या तालुक्यात हा भेद नीट समजून घेणे अगत्याचे आहे. सरसकट बंदीची भाषा वापरली तर बापलेकीचे ते बोलणेही गुन्हा ठरेल, आणि जे खरोखर टाळावयाचे आहे ते बाजूलाच राहील.

पडदा कशाची जागा घेतो?

टाळावयाचे काय, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील बालकांसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांत आढळते. एक वर्षाखालील बालकाला पडदा मुळीच दाखवू नये. एक ते दोन वर्षांच्या दरम्यानही तो टाळावा. दोन ते चार वर्षांच्या बालकांसाठी दिवसभरात मिळून एक तास ही कमाल मर्यादा असावी, आणि त्याहून कमी तितके चांगले. एक तास हा बालकाचा दैनिक शिधा नव्हे. ती ओलांडू नये अशी सीमा आहे.

परंतु या सूत्रांचा महत्त्वाचा भाग निषेधाचा नाही. बालकाच्या चोवीस तासांत काय काय मावले पाहिजे, याचा तो हिशेब आहे. एक ते दोन वर्षांच्या बालकाला ११ ते १४ तास, आणि तीन-चार वर्षांच्या बालकाला १० ते १३ तास झोप हवी. एक वर्षानंतर प्रत्येक बालकाची दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल व्हावयास हवी. तीन-चार वर्षांच्या बालकाच्या बाबतीत त्यांपैकी ६० मिनिटे धावपळीच्या खेळाची असावीत. उरलेल्या वेळात गोष्ट, गाणे, जेवण आणि माणसांचा सहवास. हा हिशेब मांडला की लक्षात येते, पडद्याला दिलेला प्रत्येक तास हा यांपैकी कशाच्या तरी वाट्यातून काढून घ्यावा लागतो.

झोपेपूर्वी डोळ्यांसमोर धरलेला प्रकाशमान पडदा झोप लांबवितो. घास भरविताना समोर ठेवलेल्या चित्रांमुळे बालक काय खाते, किती खाते, पोट कधी भरले, याकडे त्याचे लक्ष राहत नाही. चिऊ-काऊचा घास ही केवळ भरविण्याची युक्ती नव्हती; त्यात चिमणी, कावळा, आई आणि भूक या सर्वांची ओळख होती. डोळ्यांच्या बाबतीत तर उघड्यावरील खेळाचे मोल प्रयोगाने सिद्ध झाले आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या वर्गातील मुलांना शाळेच्या दिवशी ४० मिनिटे अधिक घराबाहेर नेण्यात आले. तीन वर्षांनंतर, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, इतर शाळांतील सुमारे ४० टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी आली होती. या मुलांत ते प्रमाण सुमारे ३० टक्के होते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. मूल उशिरा बोलू लागले की ‘मोबाइलमुळे झाले’ असे म्हणून मोकळे होण्याची प्रवृत्ती वाढली आहे. अति पडदा आणि उशिरा येणारे बोलणे यांचा संबंध अनेक पाहण्यांत दिसला असला, तरी प्रत्येक बालकाच्या बाबतीत तेच कारण असेल असे नाही. बालकाला ऐकू कमी येत असेल, किंवा विकासात अन्य अडथळा असेल. दोन वर्षे पूर्ण झालेले मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाकेला वळून पाहत नसेल, तर दोष कोणाचा हा वाद न घालता त्याची तपासणी करून घेतली पाहिजे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके याच कामासाठी अंगणवाडीत येतात, आणि पुढील उपचारांची सोयही त्याच कार्यक्रमात आहे. वेळेवर लक्षात आलेला बहिरेपणा आणि चार वर्षांनी लक्षात आलेला बहिरेपणा यांत एका आयुष्याचे अंतर असते.

आईला दोष देऊन भागणार नाही

बालकाच्या हाती मोबाइल देणाऱ्या आईला उपदेश करणे सोपे आहे. पण लावणीच्या दिवसांत पहाटे चूल पेटवून, डोईवर पाटी घेऊन शेतावर जाणाऱ्या आणि दिवेलागणीला परतणाऱ्या स्त्रीने बालकाला कोणाच्या स्वाधीन करावे, या प्रश्नाचे उत्तर उपदेशकापाशी नसते. नवरा मुंबईत, सासू थकलेली, अंगणवाडी दुपारपर्यंत आणि बाहेर मुसळधार पाऊस. अशा वेळी पडदा हा तिचा आळस नसतो. तो तिला मिळालेला एकमेव मदतनीस असतो. त्या मदतनिसाला घरातून काढावयाचे तर त्याच्या जागी दुसरा मदतनीस उभा करणे हे समाजाचे काम आहे.

हे काम महाराष्ट्राला नवे नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, त्यांनी बालशिक्षण गोरगरिबांच्या दारी नेले. महागडी साधने परवडत नाहीत म्हणून त्या अडल्या नाहीत. बिया, पाने, शंख-शिंपले, माती आणि काड्या यांतून त्यांनी साधने घडविली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दाचे मूळ तेथे आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झालेली एकात्मिक बाल विकास सेवा योजना आज गावोगाव पोचली आहे, आणि तिच्या केंद्राला सर्वत्र हेच नाव लाभले आहे. मूल येत नसेल तर शाळा त्याच्याकडे न्यावी, हा त्या कार्याचा गाभा होता. आज मूल पडद्याकडे गेले असेल तर गावाला त्याच्या अंगणात पुन्हा जावे लागेल.

गावांनी काय केले?

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. २०२२ साली या गावाने ठरविले की रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजावा आणि त्यानंतर दीड तास घराघरांतील दूरदर्शन संच व मोबाइल बंद राहावेत. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. करोनाच्या काळात शिक्षणासाठी म्हणून मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना, ही त्यामागील निकड होती. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातील बान्सी ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापराविरुद्ध ठराव केला.

या दोन गावांचे मार्ग भिन्न आहेत. एकाने मुलांवर बंदी घातली. दुसऱ्याने सर्वांसाठी एक वेळ राखून ठेवली. अगदी लहान बालकांच्या दृष्टीने दुसरा मार्ग अधिक फलदायी वाटतो, आणि त्याचे कारण स्पष्ट आहे. दोन वर्षांचे मूल ठराव वाचीत नाही. ते मोठ्यांकडे पाहते. बापाची नजर खाली पडद्यावर असेल तर त्याने दाखविलेला कावळा कोणीच पाहत नाही. म्हणून बालकाच्या हातातील मोबाइलइतकाच मोठ्यांच्या हातातील मोबाइलही या प्रश्नाचा भाग आहे. तरीही एवढे लक्षात ठेवले पाहिजे की भोंगा सायंकाळी वाजतो, आणि लहानग्यांचा पडद्यासमोरील वेळ बहुधा दिवसा, आई कामावर असताना जातो. त्यासाठी वेगळी व्यवस्था हवी.

ग्रामसभेच्या ठरावाने समाज बदलू शकतो, याचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्याला बाहेरून आणावे लागत नाही. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने तो आदर्श म्हणून सर्व ग्रामपंचायतींपुढे ठेवला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली याच कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला होता. त्या काळात मूल शाळेत आणणे हे आव्हान होते. आज त्या मुलाला शाळेत येण्यापूर्वी ऐकावयास, बोलावयास आणि खेळावयास मिळते की नाही, हे पाहणे आहे.

मलकापूर परिसरात काय करता येईल?

पहिली गोष्ट पावसाळ्याची. या भागात चार महिने उघड्यावर खेळता येत नाही, म्हणून कोरडी, हवेशीर जागा उपलब्ध करून देणे हे येथील बालसंगोपनाचे खरे काम आहे. समाजमंदिर, शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप यांतील एखादी जागा लावणीच्या दिवसांत बालकांसाठी राखून ठेवता येईल. केंद्र शासनाच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघराची तरतूद आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. एक सतरंजी, लाकडी ठोकळे आणि सांभाळणाऱ्या बाईचे मानधन हा त्या रकमेचा सर्वोत्तम विनियोग ठरेल. ‘बालस्नेही गाव’ हे पंचायतींसमोरील नऊ उद्दिष्टांपैकी एक आहे. ते आराखड्याच्या कागदावरून या सतरंजीवर उतरले पाहिजे. मलकापूर नगरपरिषदेलाही आपल्या हद्दीत असेच काही करता येईल.

दुसरी गोष्ट आजी-आजोबांची. तालुक्यात घरोघर ओव्या, कहाण्या, उखाणे आणि कोडी जाणणारी वडीलधारी माणसे आहेत. आठवड्यातून एक दिवस त्यांना अंगणवाडीत बोलावून गोष्ट सांगावयास लावली, तर बालकांना भाषा मिळेल आणि त्या माणसांना मान. धनगरवाड्यावरील बालकाला त्याच्या घरच्या बोलीत गोष्ट ऐकावयास मिळाली, तर शाळेतील मराठीही त्याला परकी वाटणार नाही. भातुकली, सागरगोटे, लगोरी, लंगडी यांना वीज लागत नाही आणि रेंजही लागत नाही.

तिसरी गोष्ट अंगणवाडी सेविकेच्या वेळेची. १ मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर ही नोंदपद्धती सुरू झाली. बालकाचे वजन, उंची आणि आहार यांची नोंद त्यामुळे तत्काळ होऊ लागली, हा लाभ निर्विवाद आहे. तथापि त्याच वर्षी राज्यातील अनेक सेविकांनी निकृष्ट यंत्रे आणि मराठीचा अभाव या कारणांसाठी मोबाइल परत केले होते, हेही विसरता येणार नाही. पर्यवेक्षकांनी एवढे पाहावे, की नोंदी भरण्याचे काम बालकांच्या गोष्टीच्या वेळात होऊ नये. बालकांसमोर बसलेल्या सेविकेची नजर यंत्रावर खिळली, तर गावातील आईबापांना काही सांगण्याचा अधिकार कोणाला उरणार?

चौथी गोष्ट घरातील साध्या नियमांची. जेवताना आणि झोपण्यापूर्वी एक तास पडदा नको. दोन वर्षांवरील बालकाला काही दाखवावयाचेच झाले तर शेजारी बसून, त्याच्याशी बोलत दाखवावे. रडे थांबविण्यासाठी मोबाइल देऊ नये. रडे हीदेखील त्या वयाची भाषा आहे. आणि मुंबईचा फोन आला की बालकाला बोलू द्यावे, घाई करू नये. हे नियम लसीकरणाच्या दिवशी, माता बैठकीत, पहिलीच्या प्रवेशावेळी वारंवार आणि प्रेमाने सांगितले गेले पाहिजेत.

शिक्षक मित्रांनी एक काम अवश्य हाती घ्यावे. पहिलीत दाखल होणारे मूल किती अक्षरे ओळखते याची चौकशी सर्वच करतात. यापुढे ते मूल स्वतःहून एक गोष्ट सांगू शकते का, दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत ऐकू शकते का, आणि खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबू शकते का, हेही पाहावे. या तीन गोष्टी कोणत्याही पडद्याने आजवर शिकविलेल्या नाहीत, आणि लोकशाहीत नागरिकाला ग्रामसभेत बसताना याच तीन गोष्टी लागतात.

मोबाइल परत जाणार नाही, आणि तो जाण्याची गरजही नाही. शेतकऱ्याला तो बाजारभाव सांगतो, आजाऱ्यासाठी रुग्णवाहिका बोलावितो, दूरच्या बापाला लेकरू दाखवितो. फक्त बालकाला सांभाळण्याचे जे काम माणसांचे आहे, ते त्याच्याकडे सोपवू नये. येत्या ग्रामसभेत रस्ता, पाणी आणि दिवाबत्तीच्या विषयांसोबत ‘आपल्या गावातील सहा वर्षांखालील बालके दिवसभर कोणाजवळ असतात?’ एवढा एक विषय ठेवला जावा. प्रत्येक वाडीची यादी करावी, प्रत्येक बालकासमोर एका माणसाचे नाव लिहावे, आणि ज्या बालकासमोर नाव लिहिता येणार नाही, तेथून कामाला प्रारंभ करावा.